बघ्यांकडे बघताना

रस्त्यात भांडण जुंपले की माणसे मदतीला धावत नाहीत, नुसती बघ्याची भूमिका घेतात, हे विधान आपल्याकडे अग्रलेखांपासून पारावरच्या गप्पांपर्यंत इतक्या खात्रीने केले जाते की त्याला पुरावा मागणे कोणाला सुचत नाही. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मात्र या समजुतीला एक निश्चित स्थळ आणि तारीख आहे. १३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या तरुणीचा भोसकून खून झाला, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अशी बातमी छापली की तिचे ३८ शेजारी तो प्रकार पाहत राहिले आणि हल्ला चालू असताना त्यांच्यापैकी एकानेही पोलिसांना कळवले नाही. ही बातमी अतिरंजित होती. मॅनिंग, लेव्हिन आणि कॉलिन्स या संशोधकांनी २००७ मध्ये उपलब्ध पुरावे तपासून दाखवले की ३८ जणांच्या या कथेला आधार मिळत नाही, आणि पुढे २०१६ मध्ये त्या वृत्तपत्रानेही साक्षीदारांची संख्या फुगवली गेल्याचे मान्य केले. तोपर्यंत त्या बातमीतून संशोधनाची एक अख्खी शाखा उभी राहिली होती.

निरीक्षणपद्धतीविषयी लिहिताना मला याच शाखेपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण प्रयोग आणि निरीक्षण यांतील फरक इथे जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच दिसतो. मी पदव्युत्तर वर्गाला संशोधनपद्धती शिकवते. निरीक्षण म्हणजे डोळे उघडे ठेवून बसणे आणि दिसेल ते टिपून घेणे, अशी बहुतेक विद्यार्थ्यांची कल्पना असते, त्यामुळे ते या पद्धतीला एकतर अगदी सोपी समजतात किंवा अशास्त्रीय ठरवून बाजूला ठेवतात आणि गूगल फॉर्मवर प्रश्नावली पाठवून मोकळे होतात. माझे म्हणणे असे आहे की निरीक्षणाचा खरा कस प्रत्यक्ष बघण्याच्या आधीच लागतो. कोणाला बघायचे, कुठे आणि केव्हा बघायचे, आणि बघितलेल्यातले काय कशात मोडते असे धरायचे, हे निर्णय ज्याने नीट घेतले नाहीत त्याला कितीही तास बसूनही काही सापडत नाही. या पद्धतीची ताकद आणि तिच्या मर्यादा दोन्ही याच निर्णयांतून येतात.

जेनोव्हीज प्रकरणानंतर जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेले विद्यार्थी इंटरकॉमवरून महाविद्यालयीन आयुष्यातील अडचणींविषयी बोलत आहेत, असे भासवले गेले. प्रत्यक्षात समोरून येणारे आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेले होते. बोलता बोलता त्यांतील एकाला फेफऱ्याचा झटका येतो. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के विद्यार्थी झटका संपण्याआधी मदतीसाठी उठले. आणखी एक जण ऐकतो आहे असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण ६२ टक्के होते, आणि आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत ३१ टक्के. गर्दी जितकी मोठी तितकी प्रत्येकाच्या मनातील जबाबदारी विरळ होते, हा या प्रयोगाचा निष्कर्ष. प्रयोगाची ताकदही यात स्वच्छ दिसते: गटाचा आकार सोडून बाकी सारे समान ठेवल्यामुळे फरकाचे कारण कोणते, हे ठामपणे सांगता येते.

ती ताकद मिळवण्यासाठी जी किंमत मोजावी लागली तीही लहान नाही. बंद खोलीत बसलेल्या, एकमेकांचा चेहरा न दिसणाऱ्या, अनोळखी आवाज ऐकणाऱ्या माणसाची परिस्थिती रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या परिस्थितीसारखी कितपत असते? खऱ्या भांडणात बघे एकमेकांना बघतात, नजरेने बोलतात, एक पुढे सरकला की दुसरा सरकतो; जखमी माणसाचे मित्र किंवा नातेवाईकही त्याच गर्दीत असतात. हे सगळे प्रयोगातून मुद्दाम वगळलेले होते. शिवाय खरी मारामारी प्रयोगशाळेत घडवून आणणे नैतिकदृष्ट्याही शक्य नाही, म्हणजे हा प्रश्न सोडवायचा तर जे आपोआप घडते त्याची वाट पाहण्यावाचून पर्याय राहत नाही.

रिचर्ड फिलपॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (त्यांत वर उल्लेख केलेले मार्क लेव्हिनही आहेत) नेमके हेच केले. ॲम्स्टरडॅम, इंग्लंडमधील लँकेस्टर आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन या तीन शहरांतील सार्वजनिक सीसीटीव्ही कॅमेऱ्यांनी टिपलेल्या २१९ भांडणांच्या चित्रफिती त्यांनी बारकाईने तपासल्या. भांडखोराला हाताने खूण करून शांत करणे, मध्ये उभे राहणे, धरून बाजूला ओढणे, मार खाल्लेल्याला धीर देणे, जखमीला प्रत्यक्ष मदत करणे, अशा कृतींना हस्तक्षेप म्हणायचे हे आधी ठरवले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष पाठ्यपुस्तक वाचून बसलेल्या माणसाला चकित करणारा आहे: ९१ टक्के भांडणांत निदान एका बघ्याने हस्तक्षेप केला, आणि बघ्यांची संख्या वाढली की कोणीतरी मध्ये पडण्याची शक्यता कमी न होता वाढली. शहरे इतकी भिन्न असूनही मदतीच्या एकूण प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

आता यावरून डार्ली आणि लाताने चुकले असे म्हणायचे का? असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो, आणि समाजमाध्यमांवर तसे लिहिलेही जाते. पण दोन्ही अभ्यासांनी मोजलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. प्रयोगाने एकेका व्यक्तीची मदत करण्याची शक्यता मोजली, तर चित्रफितींच्या अभ्यासाने संकटातील माणसाला कोणाची तरी मदत मिळण्याची शक्यता मोजली. साधे गणित करून पाहा. पाच जण ऐकत आहेत आणि प्रत्येकाची उठण्याची शक्यता ३१ टक्के आहे. प्रत्येक जण स्वतंत्रपणे निर्णय घेतो असे धरले, तर एकही न उठण्याची शक्यता ०.६९ च्या पाचव्या घाताइतकी, म्हणजे सुमारे १६ टक्के येते. निदान एक जण उठण्याची शक्यता ८४ टक्के झाली, आणि एकट्या ऐकणाऱ्याच्या बाबतीत ती ८५ टक्के होती. म्हणजे त्याच प्रयोगाच्या आकड्यांनुसारही संकटातील माणसाच्या दृष्टीने फारसे काही बिघडलेले नाही! ‘गर्दी मदत करत नाही’ हे जे वाक्य आपण त्या प्रयोगातून काढले, ते प्रयोगाने कधी सांगितलेच नव्हते. खऱ्या रस्त्यांवरचे निरीक्षण समोर आले नसते, तर हा प्रश्न असा उलटा करून पाहण्याची गरज फार थोड्यांना भासली असती. निरीक्षणाचे सर्वांत मोठे बलस्थान मला यातच दिसते. प्रयोग त्याला विचारलेल्या प्रश्नाचे नेमके उत्तर देतो, पण तो प्रश्न खऱ्या जगात त्याच स्वरूपात उभा राहतो की नाही हे जगाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

कॅमेरा तटस्थ असतो, म्हणून ही सामग्री निर्विवाद, असे मात्र कोणी समजू नये. कॅमेरे शहरांच्या मध्यवर्ती, वर्दळीच्या भागांत लावलेले असतात, त्यामुळे घरातल्या किंवा आडवळणाच्या गल्लीतल्या हिंसेविषयी या चित्रफिती काहीच सांगत नाहीत. त्यांत आवाज नाही. फोन कानाला लावून उभा असलेला माणूस पोलिसांना बोलावतो आहे की घरी उशीर होईल असे कळवतो आहे, हे मूक चित्रावरून ठरवता येत नाही. मध्ये पडणारा माणूस का पडला, त्याला भीती वाटली का, भांडणाऱ्यांपैकी कोणी त्याचा ओळखीचा होता का, या प्रश्नांसाठी चित्रफितीत फक्त अंदाजाला जागा आहे. आणि गर्दी जास्त असलेली भांडणे इतर अनेक बाबतींतही वेगळी असू शकतात. ती वेगळ्या वेळी, वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसांत होत असतील, तर मदत वाढण्याचे कारण गर्दीच आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या, एवढेच निरीक्षण सांगते. कार्यकारणसंबंधाबाबतची ही मर्यादा कितीही चित्रफिती जमवल्या तरी जात नाही.

याहून कमी चर्चिला जाणारा, पण माझ्या मते अधिक नाजूक प्रश्न नोंदीचा आहे. खांद्यावर ठेवलेला हात शांत करणारा की धमकावणारा, हे कोणीतरी माणूसच ठरवतो. म्हणून एकच चित्रफीत दोन निरीक्षकांनी एकमेकांशी न बोलता स्वतंत्रपणे तपासायची आणि त्यांच्या नोंदी किती जुळतात ते पाहायचे, अशी रीत आहे. इथे विद्यार्थी हमखास टक्केवारी काढतात आणि ८२ टक्के नोंदी जुळल्या म्हणून समाधानी होतात. पण समजा, १०० पैकी ९० चित्रफितींत हस्तक्षेप आहे असा दोघांचाही सर्वसाधारण अंदाज आहे, आणि दोघेही चित्रफीत न उघडताच त्या प्रमाणात ‘हो’ आणि ‘नाही’ लिहीत सुटले. तरी निव्वळ योगायोगाने त्यांच्या सुमारे ८२ टक्के नोंदी जुळतील. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कॅपा हा गुणांक हा योगायोगाचा वाटा वजा करून उरलेली सहमती दाखवतो, आणि वरच्या उदाहरणात तो जवळपास शून्य येईल. जे वर्तन खूप वारंवार किंवा फारच क्वचित घडते, त्याच्या बाबतीत नुसती टक्केवारी हमखास फसवते.

दुसरी अडचण अशी की बघितले जात आहे हे कळल्यावर माणूस बदलतो. याचे पुस्तकी उदाहरण हॉथॉर्नचे, शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कारखान्यातले. १९२४ पासून तिथे प्रकाशयोजना बदलून कामगारांचे उत्पादन मोजले गेले आणि दिवे वाढवा की कमी करा, उत्पादन वाढतच गेले, असे सांगितले जाते. गंमत अशी की स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट यांनी त्या प्रकाशप्रयोगांची मूळ आकडेवारी मिळवून २०११ मध्ये पुन्हा विश्लेषण केले, तेव्हा ही गोष्ट त्या आकड्यांत जेमतेमच दिसली. ज्या परिणामाला हॉथॉर्नचे नाव मिळाले तो हॉथॉर्नमध्ये फारसा घडलाच नसावा, पण इतरत्र तो घडतो याचे चांगले पुरावे आहेत. मला विशेष आवडतो तो ग्रामीण बांगलादेशातील एक अभ्यास. तिथे कुटुंबांना वापरायला दिलेल्या साबणाच्या वड्यांत हालचाल नोंदवणारे संवेदक बसवले होते. निरीक्षक वही घेऊन घरात येऊन बसला, त्या दिवशी साबणाची हालचाल आधीच्या दिवसांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली. कॅनडातील एका रुग्णालयातही असाच अनुभव आला: तपासणीस समोर दिसत असताना कर्मचाऱ्यांनी हात स्वच्छ करण्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे तिप्पट होते. हात धुणे, मुलांना न मारणे, वर्गात वेळेवर येणे, अशी ज्या वर्तनांविषयी ‘योग्य काय’ हे सर्वांना ठाऊक असते, ती बघणाऱ्यापुढे सर्वाधिक बदलतात. आपण कसे बसतो किंवा वाक्यात किती वेळा अडखळतो, याकडे कोणाचे लक्ष नसते, म्हणून तिथे हा धोका कमी असतो.

यावर एक उपाय म्हणजे निरीक्षकाची सवय होऊ देणे, आणि तो चिकाटीने अमलात आणणाऱ्यांत मेरी एन्सवर्थ यांचे नाव अग्रभागी आहे. १९५० च्या दशकात युगांडातील गावांत त्यांनी आई आणि तान्ह्या मुलांचे घरोघरी जाऊन निरीक्षण केले, आणि पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे २६ कुटुंबांच्या घरी, मूल जन्मल्यापासून जवळजवळ वर्षभर, दर तीन आठवड्यांनी सुमारे चार तासांच्या भेटी दिल्या गेल्या. इतक्या भेटींनंतर पाहुण्यापुढे चांगले वागण्याचा ताण कोणत्याच आईला पेलवत नाही. वर्षाच्या अखेरीस याच मुलांना प्रयोगशाळेतील एका खोलीत आणून आठ छोट्या प्रसंगांतून नेले गेले: आई बाहेर जाते, अनोळखी स्त्री आत येते, आई परत येते, आणि तेव्हा मूल काय करते ते टिपून त्यावरून आईशी असलेल्या त्याच्या जवळिकीचा प्रकार, म्हणजे ते कोणत्या गटात मोडते, हे ठरवायचे. वीस मिनिटांची ही चाचणी जगभर पसरली. ती अर्थपूर्ण का आहे, हे सांगणारे घरातल्या निरीक्षणांचे कष्टाचे काम मात्र फारच थोड्यांनी पुन्हा केले, आणि त्याचा परिणाम लवकरच दिसला. जर्मनीतील बीलेफेल्ड येथे जवळपास निम्मी मुले परतलेल्या आईला टाळणाऱ्या गटात गेली, तर जपानमधील साप्पोरो येथे त्या गटात एकही मूल आले नाही आणि आई परतल्यावरही चिडून रडत राहणाऱ्या मुलांचे प्रमाण बरेच जास्त निघाले. ज्या जपानी बाळाला आईने कधी क्षणभर एकटे सोडलेले नाही, त्याच्यासाठी ती खोली थोडी अनोळखी नव्हती, भयंकर होती. परिस्थिती बाहेरून एकसारखी ठेवली तरी ती आतून एकसारखी राहत नाही, ही नियंत्रित निरीक्षणाची मोठी अडचण आहे. आजी, काकू आणि शेजारणीच्या कडेवर दिवस काढणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना तीच खोली कशी वाटेल, याचा विचार केल्याशिवाय ती चाचणी इथे जशीच्या तशी वापरू नये असे मला वाटते.

निरीक्षकाने गटात मिसळून जावे, हा दुसरा उपाय. त्यात मिळणारी माहिती विलक्षण असते, आणि किंमतही तशीच. १९५४ मध्ये शिकागोजवळ डोरोथी मार्टिन या बाईंभोवती जमलेल्या एका छोट्या पंथाची अशी श्रद्धा होती की २१ डिसेंबरला महापूर येणार आणि परग्रहवासी श्रद्धाळूंना वाचवणार. भाकीत खोटे ठरल्यावर श्रद्धेचे काय होते, हे पाहण्यासाठी लिऑन फेस्टिंजर, हेन्री रिकेन आणि स्टॅन्ली शॅख्टर यांनी आपले निरीक्षक श्रद्धाळू म्हणून त्या गटात घुसवले. सर्वांसमोर वही काढणे शक्य नसल्याने मंडळी न्हाणीघरात जाऊन टिपणे काढत. यापुढचा भाग अधिक गंभीर आहे. गटात प्रवेश मिळावा म्हणून एका निरीक्षक तरुणीने पुरातून आपल्याला वाचवणाऱ्या तेजस्वी पुरुषाचे स्वप्न पडल्याचे रचून सांगितले, आणि दुसऱ्याने मेक्सिकोत भेटलेल्या एका गूढ वृद्धेची कहाणी रचली. श्रद्धाळूंनी या दोन्ही गोष्टींना वरून आलेली खूण मानले. ज्या गटात मोजकीच माणसे आहेत, तिथे बाहेरून अचानक इतके नवे ‘भक्त’ येऊन दाखल झाले, तर भाकीत फसल्यावर श्रद्धा उलट वाढली असे जे संशोधकांनी सांगितले, त्या वाढीत या नव्या भक्तांचा वाटा किती आणि भाकितानंतरच्या मानसिक ओढाताणीचा किती, हे वेगळे कसे काढायचे? संशोधकांनी स्वतःच आपल्या पुस्तकाच्या परिशिष्टात ही अडचण नोंदवलेली आहे. ती वाचण्याचे कष्ट उद्धृत करणाऱ्यांपैकी फार थोडे घेतात. डेव्हिड रोझेनहान यांचा मनोरुग्णालयांत खोटे रुग्ण पाठवण्याचा १९७३ चा अभ्यासही याच जातीचा, आणि त्याच्या नोंदींच्या सचोटीविषयी सुझॅना कॅहलन या पत्रकार स्त्रीने २०१९ मध्ये उपस्थित केलेले प्रश्न पाहता मी तो वर्गात पुरावा म्हणून सांगणे सोडून दिले आहे. नाव लपवून केलेल्या निरीक्षणात दुसऱ्या कोणाला पडताळणी करता येत नाही आणि सारा भार एका माणसाच्या प्रामाणिकपणावर येऊन पडतो. बघितल्या जाणाऱ्यांची संमती घेतलेली नसते, हा दोष तर वेगळाच.

इतक्या अडचणी असूनही ही पद्धत टिकून आहे, कारण काही प्रश्नांना दुसरी वाटच नाही. तीन वर्षांच्या मुलाला प्रश्नावली देता येत नाही, आणि मोठ्यांना दिली तरी स्वतःविषयी ते जे सांगतात ते बरेचदा स्वतःविषयीची समजूत असते. बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त बोलतात, हा विनोद आपल्या प्रत्येक घरगुती व्हॉट्सॲप गटात फिरतो. मॅथियस मेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि मेक्सिकोतील ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर एक छोटे यंत्र दिले, जे साडेबारा मिनिटांतून एकदा ३० सेकंदांचा आवाज टिपत असे, आणि केव्हा टिपते आहे हे त्या विद्यार्थ्याला कळत नसे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार स्त्री-पुरुष दोघांचीही सरासरी दिवसाला सुमारे १६,००० शब्दांची होती. हे सारे विद्यार्थी होते, चाळिशीतल्या माणसांचे चित्र वेगळे असू शकेल, हे खरे. पण कोणालाही स्वतःला विचारून हा आकडा मिळाला नसता.

भारताशी जोडलेले एक उदाहरण अलीकडे फारसे कोणी वाचत नाही. जॉन आणि बिअट्रिस व्हायटिंग यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात सहा समाजांतील मुलांचा एकाच पद्धतीने अभ्यास झाला. त्यांत केनिया, मेक्सिको, फिलिपिन्स, ओकिनावा आणि अमेरिकेतील वस्त्यांबरोबर उत्तर प्रदेशातील एक राजपूत गाव होते. अभ्यासात त्याला खलापूर म्हटले आहे (आपले रायगड जिल्ह्यातले खालापूर नव्हे). ३ ते ११ वर्षांच्या १३४ मुलांपैकी प्रत्येकाचे पाच-पाच मिनिटांचे अनेक तुकड्यांत निरीक्षण करण्यात आले, जेणेकरून एखाद्या वाईट सकाळीवरून मुलाचा स्वभाव ठरू नये. ज्या समाजांत मुलांवर घरकाम आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी अधिक, तिथली मुले दुसऱ्याला मदत करण्याकडे अधिक झुकलेली आढळली, आणि खलापूरची मुले या बाबतीत केनियापेक्षा अमेरिकन मुलांच्या अधिक जवळ निघाली. पूर्व आणि पश्चिम अशी ठरलेली विभागणी करून बसलेल्या कोणालाही हे आधी सुचले नसते. तरीही माझ्या मनात एक शंका राहते. राजपूत घरात पडद्यामागे असलेल्या स्त्रियांसमोर परदेशी निरीक्षक आणि दुभाषी बसलेले असताना पाच मिनिटांत मुले किती मोकळी वागली असतील? व्हायटिंग यांनी निरीक्षकांना त्या त्या वस्तीत दीर्घकाळ राहायला सांगितले होते ते याच कारणासाठी.

यंदा ज्यांनी निरीक्षणावर प्रकल्प करायचे ठरवले आहे, त्यांना मी एसटी स्थानक, बालवाडी किंवा ग्रंथालय यांपैकी कोणतेही ठिकाण निवडायची मोकळीक दिली आहे. अट एवढीच की जागेवर जाण्यापूर्वी वर्तनांच्या व्याख्या लिहून द्यायच्या, कोणत्या गोष्टी मोजायच्या नाहीत तेही लिहायचे, आणि पहिल्या तासाची नोंद दोघांनी वेगवेगळे बसून करायची. कॅपा कमी आला, तर व्याख्या बदलून पुन्हा जायचे आणि जुन्या व्याख्या खोडून न टाकता जर्नलमध्ये तशाच ठेवायच्या.